ओढ्याला वाट कोण देणार?

‘धोरण’ हा शब्द आमच्या सासूबाईंच्या तोंडी सारखा असे. सुगी झाली, कणग्या भरल्या, की त्या म्हणायच्या, “बाई, हात धोरणानं चालव. अजून आषाढ लांब आहे.” कणगीत किती आहे, घरात खाणारी तोंडं किती, पाव्हणारावळा किती, बियाणाला किती ठेवायचं, हे सगळं मनात धरून रोजचं माप काढायचं, याला त्या धोरण म्हणत. पुढं मी राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून गेले, तेव्हा तोच शब्द सरकारी कागदावर भेटला. जलधोरण, कृषी धोरण, पीक धोरण. कागद जाडजूड असत. पण कणगीत किती आणि तोंडं किती, हा साधा हिशोब त्यात शोधायला फार पानं उलटावी लागत.

बाईमाणसानं या विषयावर लिहावं का, असं कुणाच्या मनात येईल. येऊ दे. खुरपणीला वाकलेल्या बाईचा जमिनीशी जेवढा वेळ संबंध येतो तेवढा कुणाचाच येत नाही. आणि आमच्या भागात जमिनीला काय होतंय, याची पहिली खबर बायकांनाच लागली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. पाऊस बेताचा, जमीन काळीभोर आणि पुरुषभर खोल. मामंजींच्या तरुणपणी रानात शाळू, हरभरा, भुईमूग, मिरची असायची. कोयनेचं धरण झालं, नदीला उन्हाळ्यातही पाणी टिकू लागलं आणि सोसायट्यांच्या कर्जातून नदीवर लिफ्ट बसल्या. मी १९७८ साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा आमच्या रानात पाइपलाइन येऊन फार दिवस झाले नव्हते. चेंबरमधून पाणी उसळून बाहेर पडायचं आणि मामंजी ते नुसतं बघत उभे राहायचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेली ती पिढी. पाण्याला नको म्हणायचं, हे त्यांच्या कल्पनेत तरी कुठून येणार?

उसानं आम्हाला काय दिलं, ते आधी सांगितलं पाहिजे. शहरातले लोक उसाला नावं ठेवतात तेव्हा मला राग येतो. उसानं कौलं घातली, पोरं शिकवली, पोरींची लग्नं केली, कारखान्याच्या जिवावर दवाखाने आणि कॉलेजं उभी राहिली. १९५० च्या सुमाराला प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याची वाट घालून दिली आणि पुढं आमच्याकडं घराघरात तो ऊस आला. ज्या पिकानं घर उभं केलं त्याला कुणी शिव्या घालत नाही.

तर खबर लागली ती अशी. मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजेना. तासभर रटरट वाजायची, पण दाणा फुटायचा नाही. धुण्याला साबण लावला तर फेस येईना. सासूबाई म्हणाल्या, विहिरीचं पाणी बदललं. पुरुषांनी ते बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिलं. मग उन्हाळ्यात खोलगट वाफ्यांत सकाळी पांढरं दिसू लागलं, जसं कुणी रांगोळी सांडली आहे. उसाचे शेंडे करपायचे, मधे मधे उगवणच नसायची, हिरव्या लुगड्याला ठिगळं लावावीत तसं रान दिसायचं. आमच्या ओढ्याकडेच्या तीन एकरांत पुढं पुढं ऊस कमरेच्या वर गेला नाही. टनेज निम्म्यावर आलं, मग त्याच्याही खाली, आणि शेवटी तिथं वेडी बाभळ उगवली. सातबाऱ्यावर मात्र ती अजून बागायतच होती.

यात गूढ काही नाही. आमची माती चिकण, पाणी तिच्यातून सावकाश खाली जातं. वरून सारखं पाणी भरत राहिलं आणि खाली निचऱ्याला वाट नसली की जमिनीच्या पोटातली पाण्याची पातळी वर वर चढते. ती मुळांपर्यंत आली की मुळं गुदमरतात. आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते पाणी मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं, त्यातलं मीठ मागं राहतं. त्यालाच आपण मीठफुटी म्हणतो. मिठात सोडियम वाढला की जमीन चोपण होते. ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगड. अशा जमिनीत पुष्कळ जण जिप्सम टाकतात. जिप्सम चोपणाला चांगलं खरं, पण ते सोडियमला मातीपासून सोडवतं एवढंच. सुटलेलं मीठ पाण्याबरोबर रानाबाहेर गेलं तरच उपयोग. निचरा नाही तिथं जिप्सम टाकणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना भांडी घासत बसणं.

आणि हे नवंही नाही. निरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच त्या पट्ट्यात जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. इंग्रज सरकारच्या इंजिनियरांनी तिथं मोजणी केली, चर काढले. म्हणजे बागायतीचं पाणी आणि निचरा ही जोडी आहे, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. तरी पुढच्या काळात पाणी आणण्याच्या योजनांना पैसा मिळाला, नारळ फुटले, आणि पाणी काढून देण्याचं काम ज्याचं त्यानं बघावं म्हणून राहून गेलं. काढून दिलेल्या पाण्याचं उद्घाटन कोण करणार, म्हणा.

आता, शेतकरी पाणी जास्त का देतो? व्याख्यानाला आलेले साहेब सांगतात की त्याला कळत नाही. मला हे मान्य नाही. शेतकरी हिशोबानं वागतो, आणि तो हिशोब ज्या नियमांवर चालतो ते नियम वरून आलेले असतात. कालव्याची पाणीपट्टी अजून बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र बघून आकारतात. एकरभर उसाला वीस पाळ्या दिल्या काय आणि चाळीस दिल्या काय, पट्टी तीच. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून आलेली पाळी माणूस उरी फुटेपर्यंत भिजवतो. वीज तर रात्रीची. रात्री दोनला उठून साप-विंचवातनं रानात कोण जाणार, म्हणून प्रत्येकाच्या पेटीत ऑटो स्विच बसला. वीज आली की मोटर चालू, गेली की बंद, पाणी कुठं चाललंय ते बघायला माणूस नाही. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरींना राज्य सरकारनं वीजबिल माफ केलं. ते बिल भरताना काय होत होतं ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून माफीचा आनंदच आहे. पण त्याच दिवसापासून पाणी थोडं कमी दे, असं सांगणारं शेवटचं कारणही गेलं, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

आणि भाव. उसाला २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये किमान दर केंद्रानं बांधून दिला. तोडणीची टोळी कारखाना पाठवतो, वाहन कारखाना पाठवतो, खर्च बिलातून कापून घेतो. चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. तो किती पाळला जातो हा वेगळ्या लेखाचा विषय. उलट सोयाबीन घ्या. २०२४-२५ ला हमीभाव जाहीर झाला ४,८९२ रुपये, आणि सुगीत बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर नाव नोंदवा, ओलावा मोजून घ्या, पोतं नाही म्हणून परत जा. हरभऱ्याचं तसंच, भुईमुगाचं तसंच. मग ‘पीक बदला’ असं सांगणाऱ्याला आमचे हे विचारायचे, “साहेब, बदललेलं पीक न्यायला गाडी कधी येणार?”

महाराष्ट्रात ऊस पेरणीक्षेत्राच्या चार टक्क्यांच्याही आत आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा मात्र सत्तर टक्क्यांच्या आसपास, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं आपल्या अहवालात मांडलं होतं. तो आकडा ऊसवाल्यांच्या तोंडावर फेकायला सगळ्यांना आवडतो. उसाच्या दराची शिफारसही तोच आयोग करतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

खताचंही हेच. २०१० साली पोषणमूल्यावर अनुदान द्यायचं धोरण आलं, त्यात स्फुरद आणि पालाशाच्या खतांचे भाव मोकळे झाले, युरियाचा भाव मात्र सरकारनं हातात ठेवला. आज पंचेचाळीस किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना आणि पन्नास किलोचं डीएपी १,३५० ला. रान कशानं भरणार हे वेगळं सांगायला नको. २०१५ पासून माती परीक्षणाची पत्रिका घरोघर आली. तिच्यात काय घालावं ते लिहिलेलं असतं आणि दुकानातल्या पाटीवर काय परवडेल ते. माणूस दुसरी पाटी वाचतो.

२०१६ चा एप्रिल मला विसरता येत नाही. त्या महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी गेलं. माझी धाकटी नणंद लातुरात दिलेली. तिचा फोन आला. “वहिनी, तुमच्या मिरजेचं पाणी आलं गं आज. आठ दिवसांनी अंगावरून आंघोळ केली.” ती हसत बोलत होती. मी परड्यात उभी होते आणि समोर आमचे तीन एकर दिसत होते, पाण्यानं फुगून मेलेले. एकाच्या घशाला कोरड आणि दुसऱ्याच्या जमिनीला पाण्याचा फुगारा, आणि दोन्हीचं पाणी एकाच नदीचं. तिला मी काय बोलले ते आठवत नाही. पण त्या रात्री आमचे हे बराच वेळ ओसरीवर बसून होते.

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. १९८७ साली आठमाही पाण्याचं धोरण आलं. नव्या प्रकल्पांवर पाणी आठ महिनेच द्यायचं, म्हणजे बारमाही उसाऐवजी जास्त लोकांच्या खरीप-रब्बीला ते पुरेल. विचार चांगला होता, कागदावर तो अजून चांगला आहे. जिथं उसाचा कारखाना आधी उभा राहिला तिथं तो टिकला नाही. मग २०१७ साली उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरलं, कमी व्याजाच्या कर्जाची योजनाही आली. ठिबकनं पाणी वाचतं, ऊसही चांगला येतो, आम्ही एका रानात बसवलंय. पण ज्याला तीस गुंठे, तेही दोन तुकड्यांत, लिफ्टचं पाणी पाळीनं बारा-पंधरा दिवसांनी, त्यानं ठिबकला रोज पाणी आणायचं कुठून? त्याला आधी साठवण टाकी पाहिजे, फिल्टर पाहिजे, दिवसा वीज पाहिजे. सक्तीचा बोजा सगळ्यात आधी सगळ्यात लहान माणसावर पडतो, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. मला तर वाटतं, असा प्रत्येक कागद सही होण्याआधी तीस गुंठेवाल्याच्या बायकोला वाचून दाखवावा.

ग्रामपंचायतीच्या सहलींमुळे मला दोन-तीन गावं बघायला मिळाली. हिवरे बाजार बघितलं. पोपटराव पवारांच्या गावात दर वर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभेत ठरतं की यंदा कोणतं पीक घ्यायचं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावाचं तर आमच्या ह्यांनी मला कितीदा सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसाच्या मापानं. दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. आणि ऊस बंद. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था धरणाचं पाणी मोजून घेतात आणि आपसात वाटतात. पीक कोणतं घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, फक्त वाट्याला आलेल्या पाण्यात. २००५ साली राज्यानं कायदाच केला, की संस्थांना पाणी घनमापानं द्यायचं. ते बघून मनाला बरं वाटलं.

पण बसमधून परत येताना आमच्यातली एक सदस्या म्हणाली, “आक्का, ह्या लोकांकडं पाणी न्हवतं म्हणून ती शाणी झाली. आपल्याकडं पाणी हाय, आपल्याला कोण शाणं करणार?” मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

उत्तर आलं ते महापुरानं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा किती चढली ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. चार दिवसांनी नदी उतरली, पण आमच्या शिवारातलं पाणी उतरेना. कारण पाणी ज्या ओढ्यानं नदीला मिळायचं तो ओढाच राहिला नव्हता. गाव नकाशात तो रुंद आहे, रानात बघाल तर दोन्हीकडून सऱ्या आत आलेल्या, मधे एक गटार. कुणी दोन सऱ्या ढकलल्या, कुणी चार, कुणी चक्क भराव टाकून वाट केली. २०२१ ला पुन्हा तेच. उभा ऊस पाण्यात कुजला तेव्हा ज्यांची रानं आजवर चांगली होती तेही ग्रामसभेला आले. तोवर क्षारपड हा ओढ्याकडेच्या तीस-चाळीस घरांचा प्रश्न होता, तिथून पुढं तो गावाचा झाला.

वाचक बंधु-भगिनींनो, हे काम करू बघणाऱ्यांसाठी जरा तपशिलानं सांगते. जमिनीखालचा निचरा म्हणजे सुमारे चार फूट खोल चर खणून त्यात छिद्रांचा पाइप टाकायचा. त्याला बाहेरून गाळणीचं कापड गुंडाळलेलं असतं, म्हणजे माती आत शिरत नाही. असे पाइप ठराविक अंतरावर घालून एका मुख्य पाइपाला जोडायचे, मधे तपासायला चेंबर ठेवायचे, आणि मुख्य पाइप उतारानं नेऊन ओढ्यात सोडायचा. आता बघा, पाइप चार फूट खाली, मग ओढा त्याच्याही खाली पाहिजे. म्हणून ओढा खोल आणि मोकळा झाल्याशिवाय कुणाच्याच रानातला पाइप चालत नाही. आमच्या एका पाव्हण्यानं एकट्यानं दोन एकरांत पाइप घातले. खर्च एकरी लाखाच्या घरात. पावसाळ्यात ओढा तुंबला आणि पाणी पाइपातून उलटं रानात आलं.

म्हणून ओढा आधी. इथं कायदा आहे, तो माहीत असू द्या. पाण्याच्या नैसर्गिक वाहत्या वाटेत कुणी बेकायदा अडथळा केला असेल तर तो काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात, १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली. पण अर्जावर तारखा पडतात, आणि शेजाऱ्याला नोटीस गेली की दोन पिढ्या बोलणं बंद. आम्ही अर्ज लिहून ठेवला आणि दाखल करायच्या आधी घरोघर गेलो. पुरुष एका बाजूनं, आम्ही बचत गटाच्या बायका दुसऱ्या बाजूनं. बांधावर जे जमत नाही ते पुष्कळदा चुलीपुढं जमतं. अर्ज घडी घालून पिशवीत असायचा, हेही खरं. पिशवीत काय आहे ते समोरच्याला ठाऊक असलं की बोलणं जरा नीट होतं. भूमी अभिलेखची मोजणी आली, खुणा पडल्या, आणि दोन-तीन घरं सोडली तर लोकांनी आपापल्या सऱ्या मागं घेतल्या. त्या दोन-तीन घरांसाठी मग अर्ज दाखल झाला.

खरा पेच निघाला ओढ्याच्या टोकाला. तिथं तात्यांचं रान. त्यांची जमीन चांगली, आणि मुख्य पाइप त्यांच्याच रानातून न्यावा लागणार. तात्या म्हणाले, “चाळीस घरांचं मीठ माझ्या रानातनं का म्हणून जाऊ द्यायचं? माझं काय पाप?” सभेत लोक चिडले, पण मला विचाराल तर त्यांचा प्रश्न बरोबर होता. वरच्यांनी पाणी द्यायचं आणि खालच्यानं सोसायचं, हाच तर सगळा घोळ आहे. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं ते असं : तात्यांच्या हद्दीत पाइप बिनछिद्राचा, नांगराच्या फाळाला लागणार नाही इतका खोल, त्यांच्या दोन खोलगट एकरांत निचऱ्याचे पाइप सगळ्यांच्या वर्गणीतून, आणि चर खणताना जो ऊस मोडेल त्याची भरपाई सगळ्यांकडून. स्टँपवर लिहून झालं. कागदावर तात्यांच्या दोन बहिणींच्याही सह्या घेतल्या, कारण उताऱ्यावर त्यांची नावं आहेत. एक बहीण मुंबईहून आली. म्हणाली, “वडलांच्या रानावर सही करायला बोलावलं, पहिल्यांदाच.” माझ्या मते धोरण तिथं घडलं, पंचायतीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये. मंत्रालयातलं वाईट असतं असं नव्हे. पण तात्यांचा प्रश्न तिथपर्यंत पोचत नाही.

पहिल्या पावसाळ्यात पाइपाच्या तोंडातून पाणी आलं ते चाखून बघितलं तर मचूळ, खारट. आमचे हे म्हणाले, चाळीस वर्षांचं मीठ निघतंय. रान लगेच सुधारत नाही. पहिल्या वर्षी आम्ही धैंचा करून गाडला, दुसऱ्या वर्षी गहू घेतला, तो ठिगळा-ठिगळांचा आला, आणि तिसऱ्या वर्षी त्या तीन एकरांपैकी दोन एकरांत उसाची लागण धरली. तिसरा एकर अजून हट्ट धरून बसला आहे. पाचट न जाळता सरीत कुजवायला लागल्यापासून माती जरा भुसभुशीत लागते, खुरपं आत जातं. आमच्याकडं हातांना आधी कळतं.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी लिहायला बसले नसते. पाइप झाल्यावर काही पोरांनी पाणी आणखी वाढवलं. “आता काय, जादा झालं तर पाइपातनं जातंय की!” असं उघड बोलू लागली. आणि एका उन्हाळ्यात खालच्या गावची माणसं आमच्या पंचायतीत आली. तुमच्या ओढ्याचं खारट पाणी आमच्या डोहात येतंय, जनावरं पाणी पीत नाहीत. तात्या माझ्याकडं बघून हसले. आता आम्ही सगळेच वरचे झालो होतो.

एका ठिकाणी नीट केलेला नियम दुसऱ्या ठिकाणी काय करतो, याचं मोठं उदाहरण पंजाबचं. तिथं भूजल खोल खोल चाललं, म्हणून २००९ साली कायदा केला की भाताची लावणी १० जूनच्या आधी करायची नाही. कडक उन्हातलं पाणी वाचावं हा हेतू, आणि तो योग्यच होता. पण लावणी पुढं गेली, कापणी पुढं गेली, आणि गव्हाच्या पेरणीला दिवस उरले थोडे. मग धसकटं काढत बसायला वेळ नाही म्हणून ती पेटवायचं वाढलं, आणि धूर दिल्लीच्या घशात. भाताची हमखास सरकारी खरेदी आणि फुकट वीज तशीच ठेवून नुसती तारीख बदलली, तर ताण कुठंतरी फुटणारच. आमच्याकडं उसाचा भाव, फुकट वीज आणि क्षेत्रावरची पट्टी तशीच ठेवून नुसते पाइप घातले, तर तो खालच्या गावच्या डोहात फुटतो.

म्हणून गेल्या हंगामापासून आम्ही पाणी मोजायला घेतलं आहे. मोठ्या मीटरचा खर्च झेपला नाही, तेव्हा लिफ्टचे तास मोजतो. कुठल्या चेंबरला किती तास गेले, ते माझी सून आणि आणखी दोघीजणी वहीत लिहितात. चार फुटी पाइपाचे तुकडे रानात पुरून पाण्याची पातळीही काठीनं बघतो. वही पंचायतीत टांगलेली असते. शिक्षा, दंड काही नाही. कुणाच्या एकराला किती तास गेले ते सगळ्यांना दिसतं, एवढंच. त्यावरून दोन भांडणं झाली, आणि तासही काही ठिकाणी कमी झाले. ज्यांनी कमी केले त्यांचा ऊस वाळला नाही, ही गोष्ट वहीपेक्षा जास्त बोलली.

यंदा ग्रामसभेपुढं दोन ठराव आहेत. लिफ्टची पट्टी एकरावर न घेता तासावर घ्यावी, हा एक. तो मंजूर होईल असं दिसतं, कारण तीस गुंठेवाल्यांचा त्यात फायदा आहे आणि ते संख्येनं जास्त आहेत. दुसरा, सगळ्यांनी मिळून दर वर्षी पाचातला एक एकर उसाऐवजी हरभरा किंवा भुईमुगाला ठेवावा, हा. त्यावर सगळे विचारतात, माल कोण घेणार? कारखान्यानं गाळपाच्या नोंदीसारखी हरभऱ्याची नोंद घ्यावी आणि माल उचलावा, असं पत्र आम्ही संचालकांना दिलं आहे. उत्तर यायचं आहे. खालच्या गावच्या दोघांनाही या सभेला बोलावलं आहे, आणि त्यांना कुठं बसवायचं यावरून आत्ताच कुजबुज चालू झाली आहे. मी सरपंचांना सांगितलं, तात्यांच्या शेजारी बसवा.